जिंजर (शब्दाचा इतिहास)

मराठीत ज्यास आले म्हणतात, त्या वनस्पतीचे व तिच्या तिखट, सुगंधी मूलक्षोडाचे (जमिनीतील खोडाचे) ‘जिंजर’ हे इंग्रजी नाव होय. वाळविलेल्या आल्यास, म्हणजे सुंठीस, इंग्रजीत वेगळे नाव नाही. ‘सुके जिंजर’ असेच म्हणावे लागते. वनस्पतिशास्त्रात या जातीचे शास्त्रीय नाव ‘झिंजिबर ऑफिसिनेल’ असून ते विल्यम रॉस्को या लिव्हरपूल येथील अभ्यासकाने १८०७ मध्ये दिले. त्यातील ‘झिंजिबर’ हा लॅटिन शब्द आणि इंग्रजी ‘जिंजर’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत. या शब्दाचा माग काढीत मागे गेल्यास फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, पाली व संस्कृत असे टप्पे ओलांडून दक्षिण भारतातील द्राविड भाषांपर्यंत पोहोचावे लागते. वस्तूबरोबर नावही कसे प्रवास करते आणि वाटेत ते ऐकणारे लोक आपापल्या भाषेच्या सोयीने त्याला अर्थ कसा चिकटवितात, याचे इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते.

इंग्रजीतील शब्द दोन वाटांनी आलेला आहे. नॉर्मन विजयापूर्वीच्या (१०६६) अँग्लो-सॅक्सन वैद्यकीय ग्रंथांत ‘गिंगिफर’ हे रूप आढळते. इंग्लंडमधील मठांत वैद्यकाचे ज्ञान लॅटिन ग्रंथांतून येत असे व हे रूप मध्ययुगीन लॅटिन ‘गिंगिबर’ यावरून सरळ घेतलेले आहे. नॉर्मन विजयानंतर राजदरबार व व्यापार यांची भाषा फ्रेंच झाली. तेव्हा त्याच लॅटिन शब्दाचे ‘जिंजिब्र’ हे जुने फ्रेंच रूप इंग्लंडमध्ये आले. दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून मध्य इंग्रजीत ‘जिंजिव्हर’ असा शब्द रूढ झाला. पुढे मधला ‘व्ह’ बोलण्यात झिजून गेला (‘हेव्हेड’ या शब्दापासून ‘हेड’ होताना तो असाच गेला आहे) आणि ‘जिंजर’ एवढाच उरला. म्हणजे मूळ सामासिक शब्दाच्या दुसऱ्या पदाचा केवळ शेवटचा ‘र’ इंग्रजीत राहिला. त्या ‘र’चे मोल पुढे कळून येईल.

या शब्दाच्या इंग्रजीतील परिवारात एक मौजेचा सदस्य आहे. ‘जिंजरब्रेड’ म्हणजे आले घातलेला गोड केक अथवा बिस्किट, असा आजचा अर्थ आहे आणि शब्दात ‘ब्रेड’ म्हणजे पाव असणार, याविषयी सामान्य इंग्रज माणसास शंका येत नाही. वस्तुतः हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘जिंजंब्रा’ या शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ पाकात मुरविलेले आले असा होता. त्यातील शेवटचे अपरिचित अक्षर इंग्रजांच्या कानाला ‘ब्रेड’सारखे वाटले, शब्दाचे लेखनही तसे होऊ लागले आणि शेवटी पंधराव्या शतकाच्या सुमारास वस्तूच बदलून तो खरोखर एक भाजलेला पदार्थ झाला. चॉसर (मृत्यू १४००) याच्या सर टोपस या वीराच्या कथेतही हा शब्द येतो. नावाचा अर्थ न समजल्याने तो आपल्या ओळखीच्या शब्दाशी जुळवून घेण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. उलट ‘जिंजरली’ (जपून, हळुवारपणे) हे क्रियाविशेषण दिसण्यात अगदी निकटचे असले, तरी त्याचा आल्याशी संबंध नाही. ते ‘नाजूक’, ‘सुकुमार’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आले असावे.

लॅटिन ‘झिंजिबेरी’ हा ग्रीक ‘झिंगिबेरिस’ या शब्दापासून आला. इ. स. च्या पहिल्या शतकातील डायॉस्कॉरिडीझ या ग्रीक वैद्याच्या औषधिद्रव्यांवरील ग्रंथात त्याचे वर्णन मिळते. हे एक लहान, पांढरट, मिऱ्यासारख्या चवीचे सुवासिक मूळ असून ते अरबस्तानाच्या बाजूस व तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर होते, ते लवकर कुजत असल्यामुळे काही लोक ते मुरवून मातीच्या बरण्यांतून इटलीस पाठवितात, असे तो सांगतो. त्याच शतकातील थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने ‘झिंपिबेरी’ आणि ‘झिंगिबेरी’ अशी दोन रूपे दिली आहेत, शब्द अजून स्थिरावला नव्हता हे यावरून उघड आहे. आले म्हणजे मिऱ्याच्या झाडाचे मूळ, अशी त्या काळी काहींची समजूत होती आणि प्लिनीने ती खोडून काढली. त्याने दिलेले भावही बोलके आहेत. काळी मिरी एका रोमन पौंडास ४ दिनार, तर आले ६ दिनार. आल्याचे मूळ ठिकाण मात्र त्यालाही अरबस्तानच वाटत होते. ज्या बंदरात माल हाती येतो ते त्याचे जन्मस्थान, असे ग्राहकाने मानावे यात नवल नाही. आणि माल कोठून येतो हे सांगण्यात मधल्या व्यापाऱ्याचे हितही नव्हते. अलेक्झांड्रिया येथे पूर्वेकडील मालावर जकात घेतली जाई. त्या मालाची दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील एक यादी रोमन कायद्याच्या संग्रहात राहिली असून तीत दालचिनी, लांब मिरी, जटामांसी यांच्या जोडीला ‘झिंगिबेरी’ आहे.

पश्चिम आशियातील भाषांतही हाच शब्द सर्वत्र पसरला. मध्य फार्सीत ‘सिंगिबेर’ अशा धर्तीचे रूप होते. सिरियाक व ज्यूंच्या तालमुदातील ॲरेमाइक या भाषांत ‘झंगबील’ या वळणाची रूपे मिळतात आणि अरबीत ‘झंजबील’ हा शब्द आहे. कुराणाच्या ७६ व्या सुरेत स्वर्गातील पेयाच्या वर्णनात तो आला असल्याने अरबी भाषाविदांनी त्याची विशेष चर्चा केली. बाराव्या शतकातील जवालीकी याच्यासारख्या कोशकारांनी तो परका शब्द आहे हे मोकळेपणाने नोंदविले. मात्र त्यांची दृष्टी इराणपर्यंतच पोहोचली. युरोपातील बहुतेक भाषांनी हे नाव लॅटिनकडून घेतले : फ्रेंच ‘झँझांब्र’, पोर्तुगीज ‘जेंजिब्र’, इटालियन ‘झेंझेरो’, डच ‘गेंबर’, हंगेरियन ‘ग्योंबेर’, रशियन ‘इंबिर’, जर्मन ‘इंग्वर’. मध्ययुगीन इटालियन व्यापाऱ्यांना आल्याचे प्रकार बारकाईने ठाऊक होते. फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्ती याने सु. १३४० मध्ये लिहिलेल्या व्यापारविषयक ग्रंथात ‘बेल्लेदी’, ‘कोलोंबिनो’ व ‘मिक्किनो’ असे तीन प्रकार येतात. पहिला अरबी ‘बलदी’ (देशी) या शब्दावरून, तिसरा मक्केवरून आणि दुसरा केरळातील कोल्लम बंदरावरून पडलेला आहे. प्लिनीनंतर बाराशे वर्षांनी का होईना, युरोपीय व्यापाऱ्यांच्या वहीत खऱ्या देशाचे नाव लागले.

ग्रीक शब्द भारतातून गेला, याविषयी मतभेद नाही. प्रश्न आहे तो भारतातील कोणत्या भाषेतून, हा. संस्कृतमध्ये आल्यास ‘शृंगवेर’ म्हणतात. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत हे नाव आढळते. अमरकोशात आर्द्रक व शृंगवेर हे पर्याय म्हणून दिले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारातील कटू द्रव्यांच्या यादीत पिंपळी व मिरी यांच्या पाठोपाठ ते येते. संस्कृत पंडितांनी त्याची व्युत्पत्ती ‘शृंगासारखे वेर म्हणजे शरीर असलेले’ अशी लावली. आल्याच्या गड्ड्याला फाटे फुटून तो सांबराच्या शिंगासारखा दिसतो, हे खरेच आहे. त्यामुळे ही व्युत्पत्ती मनाला पटकन पटते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कोशकारांनी ती उचलली आणि तेव्हापासून इंग्रजीतील अनेक सामान्य कोशांत ‘जिंजर’ची वंशावळ ‘शृंगवेर’ या शब्दाशी येऊन थांबू लागली. संस्कृत हे भारतातील सर्व शब्दांचे अखेरचे मूळ, हे गृहीत त्यामागे होते.

या व्युत्पत्तीत दोन अडचणी आहेत. पहिली, ‘वेर’ या शब्दाचा शरीर हा अर्थ केवळ कोशांत सापडतो. वाङ्मयात तो रूढ असल्याचा आधार नाही. ‘शृंगवेर’ या शब्दाची उकल करण्यासाठीच तो कल्पिला गेला असावा, असा संशय येतो. दुसरी अडचण पालीतील रूपाची. विनयपिटकात भिक्षूंना औषध म्हणून ठेवण्यास परवानगी असलेल्या मुळांची यादी आहे. तीत हळद, वेखंड, अतिविष, वाळा यांच्यासह ‘सिंगिवेर’ येते. येथे मधला स्वर ‘इ’ आहे, ‘अ’ नाही. ग्रीक ‘झिंगिबेरिस’मध्येही तो ‘इ’च आहे. शृंग या शब्दापासून समास केला, तर हा ‘इ’ येण्याचे कारण नाही. तेव्हा ‘सिंगिवेर’ हे रूप अधिक जुने असून ‘शृंगवेर’ हा त्याला संस्कृतचा पेहराव चढवून केलेला शब्द होय, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. फ्रेंच शब्दात ‘ब्रेड’ ऐकणारे इंग्रज आणि प्राकृत शब्दात ‘शृंग’ ऐकणारे पंडित यांनी केलेली गोष्ट एकाच जातीची आहे. (रामायणातील निषादराज गुहाची राजधानी शृंगवेरपूर, म्हणजे प्रयागराज जिल्ह्यातील आजचे सिंगरौर, हिच्या नावाचा सरळ अर्थ ‘आल्याचे नगर’ असा होतो, परंतु स्थानिक परंपरा ते नाव शृंगी ऋषींशी जोडते.)

‘सिंगिवेर’चा उगम दक्षिणेत असावा, ही कल्पना हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) स्पष्टपणे मांडलेली आढळते. उत्तम आले मलबारात पिकते. तेथील मलयाळम भाषेत व शेजारच्या तमिळमध्ये ओल्या आल्यास ‘इंजि’ म्हणतात. आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. ‘इंजिवेर’ म्हणजे आल्याचे मूळ. या शब्दाच्या आरंभी पूर्वी ‘स’ अथवा ‘च’ असला पाहिजे, असा तर्कही त्यांनी केला. ‘वेर’च्या बाबतीत शंकेस फारशी जागा नाही. तमिळ व मलयाळम ‘वेर’, तेलुगू ‘वेरु’, कन्नड ‘बेरु’ असा हा शब्द सर्व प्रमुख दाक्षिणात्य भाषांत आजही रोजच्या वापरात आहे. संस्कृतात ज्याला आधार शोधावा लागतो, तो शब्द येथे शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

आरंभीच्या ‘स’चे काय, हा प्रश्न मात्र साठ वर्षे लोंबकळत राहिला. ‘इंजि’पासून ‘सिंगि’ होणे शक्य नाही. भाषेत नसलेला ‘स’ उसना घेणारा स्वतःहून जोडत नाही. याचे उत्तर टॉमस बरो या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये दिले. तमिळ, मलयाळम व कन्नड यांचा समावेश असलेल्या दक्षिणी द्राविड भाषांत शब्दारंभीचा मूळ ‘च’ किंवा ‘स’ अनेक शब्दांतून नाहीसा झालेला आहे, तर मध्य भारतातील द्राविड भाषांत तो टिकून राहिला आहे, असे त्याने बऱ्याच शब्दांच्या तुलनेने दाखविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील साक्षीदार घरचाच आहे. गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील गोंड लोकांच्या गोंडी भाषेत ‘सहा’ या संख्येला ‘सारुंग’ म्हणतात, तमिळमध्ये ‘आरु’. ‘देणे’ या अर्थी गोंडीत ‘सी’ हा धातू आहे, तमिळमध्ये ‘ई’. त्याच न्यायाने तमिळ ‘इंजि’ हे पूर्वीच्या ‘सिंजि’ किंवा ‘चिंजि’ अशा रूपाचे अवशिष्ट ठरते. द्राविड भाषाविदांनी मूळ रूपाची ‘चिंकि-वेर’ अशी पुनर्रचना केली आहे. त्यातील ‘ङ्क’चे तमिळ-मलयाळममध्ये तालव्यीकरण होऊन ‘ञ्ज’ झाला आणि उत्तरेकडे गेलेल्या शब्दात ‘ङ्ग’ राहिला, असे मानले म्हणजे पालीतील रूपाचाही उलगडा होतो. शब्द उत्तरेकडे गेला तेव्हा दक्षिणेत आरंभीचे व्यंजन अद्याप उच्चारले जात होते. म्हणजे पाली ग्रंथांतील एका औषधी मुळाच्या नावात तमिळ भाषेची, तिच्या स्वतःच्या वाङ्मयातही न उरलेली, एक जुनी अवस्था जतन झालेली आहे.

या शब्दाच्या सर्व भाषांतील रूपांचा स्वतंत्र अभ्यास ॲलन रॉस या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने ‘जिंजर : ए लोन-वर्ड स्टडी’ (१९५२) या पुस्तकात केला. पुढे दोन वर्षांनी इंग्लंडमधील उच्चवर्गीय व इतर लोकांच्या बोलण्यातील शब्दभेदांवर लिहिलेल्या निबंधामुळे रॉसचे नाव सर्वतोमुखी झाले. आल्यावरील हे पुस्तक मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले. बरो व मरे एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशानंतर (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) या शब्दाचे द्राविड मूळ विद्वानांत सामान्यतः मान्य झाले आहे.

तुलना करताना एका मोहापासून सावध राहावे लागते. जर्मन ‘इंग्वर’ हा शब्द ‘इंजिवेर’शी इतका जुळतो, की तो मलबारातून थेट जर्मनीत गेला असे वाटावे. पण जुन्या जर्मनमध्ये ‘गिंगिबेरो’ असे रूप होते. त्यातील आद्य ‘ग’ तेथेच गळून गेला. सिंहली ‘इंगुरु’ची गोष्टही अशीच आहे. श्रीलंका तमिळनाडूच्या इतकी जवळ असूनही हा शब्द ‘इंजि’वरून आलेला नाही, तो ‘सिंगिवेर’पासूनच झाला असून सिंहलीत शब्दारंभीचा ‘स’ प्रथम ‘ह’ होऊन मग लोपतो (सूर्यवाचक ‘हिरु’ व ‘इरु’ ही रूपे पाहावीत). तमिळ, सिंहली व जर्मन या तीन भाषांनी एकाच शब्दाचे पहिले व्यंजन परस्परांशी संबंध नसता गमाविले. ध्वनींचे साम्य हे नात्याचा पुरावा नव्हे. ध्वनिपरिवर्तनाचा नियम दाखविता आला तरच नाते सिद्ध होते.

द्राविड मूळ मान्य केले, तरी शोध तेथे संपतोच असे नाही. आल्याची वनस्पती रानटी अवस्थेत आज कोठेही आढळत नाही. तिची लागवड प्रथम आग्नेय आशियाच्या बाजूस सुरू झाली असावी, असे मानले जाते. चीनमध्ये आले फार पूर्वीपासून माहीत होते. कन्फ्यूशस जेवणाबरोबर आले घेत असे, असा उल्लेख त्याच्या वचनसंग्रहात आहे. चिनी ‘ज्यांग’ (ज्याचा प्राचीन उच्चार ‘क’ने सुरू होई) व थाई ‘खिंग’ यांच्याशी ‘चिंकि’चा संबंध असावा आणि वनस्पतीबरोबर तिचे नावही पूर्वेकडून दक्षिण भारतात आले असावे, असा तर्क मांडला गेला आहे. त्याला बरोच्या नियमासारखा भक्कम आधार नाही. मलायी ‘हालिया’ व जावानीज ‘जाहे’ ही नावे तर या शब्दापासून पूर्णपणे वेगळी आहेत. ‘वेर’ हे पद दक्षिण भारतात जोडले गेले एवढे मात्र निश्चित. आणि पश्चिमेकडे गेलेल्या प्रत्येक रूपात त्याची खूण आहे. इंग्रजी ‘जिंजर’मधील अखेरचा ‘र’ हा त्या ‘वेर’चाच.

ज्या शब्दाने अर्धे जग पालथे घातले, तो भारतातील बहुतेक आधुनिक आर्य भाषांत मात्र टिकला नाही. मराठी ‘आले’, हिंदी ‘अदरक’ व बंगाली ‘आदा’ हे शब्द संस्कृत ‘आर्द्रक’ म्हणजे ‘ओले’ यापासून आलेले आहेत. मराठी ‘ओला’ हाही याच कुळातील मानला जातो. वाळलेल्या आल्यासाठी ‘शुंठी’पासून ‘सुंठ’ झाली. ओल्या व वाळलेल्या द्रव्याचे गुण आयुर्वेदाने वेगवेगळे मानल्यामुळे स्वयंपाकघरात व वैद्याच्या पेटीत दोन नावांची गरज होती; दोहोंना सामावणारे ‘शृंगवेर’ ग्रंथांपुरते उरले. रामनवमीचा सुंठवडा आणि ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण सुंठीचीच. शृंगवेराची म्हण मराठीत नाही. युनानी वैद्यकाबरोबर अरबी ‘झंजबील’ मात्र भारतात आला आणि हकिमांच्या नुसख्यांत ‘जंजबील’ म्हणून रुळला.

इंग्रजीत या शब्दाला पुढे आणखी अर्थ फुटले. तांबूस-पिंगट केसांना ‘जिंजर’ म्हणू लागले. मरगळलेला घोडा विक्रीच्या वेळी तरतरीत दिसावा म्हणून घोड्यांचे व्यापारी आल्याचा जो अघोरी उपयोग करीत, त्यावरून एखाद्यास चेतविणे या अर्थी ‘जिंजर’ हे क्रियापद झाले. तेथून ते राजकारणात शिरले व पक्षातील नेतृत्वास सतत टोचणी लावणाऱ्या गटास ‘जिंजर ग्रुप’ म्हणू लागले. कॅनडाच्या लोकसभेत १९२४ मध्ये प्रोग्रेसिव्ह पक्षातून फुटलेला गट याच नावाने ओळखला गेला. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांनीही हा शब्दप्रयोग उचलला. बिस्किटांच्या व शीतपेयांच्या वेष्टनांवरून ‘जिंजर’ मराठीत आला आणि केरळातही आला. तेथे घरात इंजि व दुकानात जिंजर ही दोन्ही नावे आज शेजारी शेजारी नांदत आहेत.